मेणबत्तीपुढें बसलेला शास्त्रज्ञ

दिवा मालवला म्हणजे वातींतून धूर कां निघतो, हा प्रश्न तुम्हांपैकीं पुष्कळांस कधीं ना कधीं पडला असेल. आणि दुसऱ्या दिवशीं तो विसरलाहि गेला असेल. असले साधे प्रश्न जन्मभर ज्यानें विसरले नाहींत, आणि वृद्धापकाळीं ते लहान मुलांपुढें मांडण्यांत ज्याला धन्यता वाटली, अशा मायकेल फॅरेडे या थोर पुरुषाचें हें अल्प चरित्र आहे.

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळ न्यूइंग्टन येथें झाला. बाप लोहार, त्याची प्रकृति नेहमीं नादुरुस्त, त्यामुळें घरांत दारिद्र्य. लिहिणें, वाचणें व थोडेंसें अंकगणित एवढ्यावरच मुलाची शाळा संपली. पुढें रीबो नांवाच्या पुस्तकविक्रेत्याकडे तो वर्तमानपत्रें पोंचविण्याच्या कामावर राहिला, आणि १८०५ सालीं तेथेंच पुस्तकें बांधण्याची उमेदवारी करूं लागला. बांधणीस आलेलीं पुस्तकें तो नुसता बांधीत नसे, वाचीतहि असे. धनी दयाळू होता, त्यानें कधीं हटकलें नाहीं. मिसेस मार्सेट या विदुषीचें रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक हातीं पडलें, तेव्हां त्यांतील गोष्टी खऱ्या कीं खोट्या हें तो तुटपुंज्या पैशांत साहित्य आणून पडताळूं लागला. संध्याकाळच्या शास्त्रीय व्याख्यानांस जाण्यासाठीं लागणारा शिलिंग त्याचा थोरला भाऊ देई. तोहि बिचारा लोहारच.

१८१२ सालीं एका गिऱ्हाइकानें त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंतील, हंफ्रे डेव्ही या प्रख्यात रसायनशास्त्रज्ञाच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. फॅरेडेनें त्यांचीं सविस्तर टिपणें केलीं, आकृति काढल्या, स्वहस्तें त्यांचें पुस्तक बांधलें आणि तें डेव्हीकडे पाठवून नोकरीची विनंति केली. मार्च १८१३ मध्यें त्याला त्या संस्थेंत प्रयोगशाळेंतील साहाय्यकाची जागा मिळाली. पुढें १८३१ सालीं याच मनुष्यानें, तारेच्या वेटोळ्यांत लोहचुंबक आंत-बाहेर हलविला असतां वीजप्रवाह उत्पन्न होतो, हें दाखविलें. आज मोठमोठ्या विद्युत्केंद्रांतील जनित्रें याच तत्त्वावर चालतात.

परंतु आपल्यासाठीं कोणी तरी दार उघडलें होतें, हें तो विसरला नाहीं. त्याच संस्थेंत १८२५ सालापासून नाताळच्या सुटींत मुलांसाठीं शास्त्रीय व्याख्यानें सुरू झालीं. १८२७ पासून १८६० पर्यंत फॅरेडेनें अशा एकोणीस व्याख्यानमाला दिल्या. त्यांतील शेवटची १८६०-६१ च्या हिवाळ्यांत झाली. वय एकोणसत्तर, स्मरणशक्ति क्षीण झालेली. तरीहि तो मुलांपुढें उभा राहिला, आणि विषय घेतला मेणबत्तीचा!

पेटत्या वातीभोंवतीं मेणाची वाटी कशी तयार होते? वर येणारी थंड हवा कडा गार ठेवते, मध्यें मात्र मेण वितळतें. तें वितळलेलें मेण वातींत वर कसें चढतें? टॉवेलाचें टोंक पाण्यांत बुडालें म्हणजे पाणी वर चढतें, तसेंच. मेणबत्ती विझविल्यावर निघणारा पांढरा धूर म्हणजे मेणाची वाफच; त्याला जळती काडी लावली तर ज्योत धुरावरून धांवत वातीवर येते. ज्योतीवर थंड भांडें धरलें कीं त्यावर पाण्याचा दंव जमतो. आणि ज्योतींतून निघणारा जो वायु चुन्याची निवळी दुधासारखी पांढरी करितो, तोच आपल्या उच्छ्वासांतहि असतो. एवंच, मेणबत्ती जळते व आपण जगतों, या दोन्ही क्रिया बऱ्याच अंशीं सारख्या आहेत, येथपर्यंत त्यानें मुलांना हळूहळू आणून सोडलें. हीं व्याख्यानें १८६१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं.

सर ही पदवी व रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद हीं दोन्हीं त्यानें नाकारलीं. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं त्याचें देहावसान झालें.

विद्यार्थ्यांनीं या चरित्रावरून हें ध्यानीं घ्यावें कीं, ज्ञानाचा आरंभ महागड्या उपकरणांनीं होत नाहीं. तो घरांतील दिव्यापाशीं, चुलीपाशीं होतो. आणि पालकांनीं मूल प्रश्न विचारूं लागलें असतां त्यास गप्प बसवूं नये. उत्तर ठाऊक नसेल तर त्यांत लाज कसली? मेणबत्ती लावावी, आणि मुलाशेजारीं बसून आपणहि पाहावें.