अण्णाभाऊंच्या दारूचा दाखला देणाऱ्यांनो!

१ ऑगस्ट आला की जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, मंठ्यापासून भोकरदनपर्यंत साहित्यरत्न अण्णाभाऊ साठे यांच्या मिरवणुका निघतात. त्यात काही पोरे पिऊन नाचतात, हे लपविण्यात अर्थ नाही. हटकले की उत्तर तयार असते. म्हणे, अण्णाभाऊही पीत होते! अखेरच्या वर्षांत ते पीत होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण का पीत होते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने हा दाखला देऊ नये.

१ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाटेगावच्या मांगवाड्यात तुकाराम भाऊराव साठे जन्मले. शाळा अवघी दीड दिवसाची. बापाबरोबर पायी मुंबई गाठली. हमाली केली, गिरणीत राबले. १९४४ साली अमर शेख, गवाणकरांसह लाल बावटा कलापथक उभे केले. १९५८ साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले. १९५९ ची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी रशिया पाहिला. आणि हा माणूस परतला कुठे? घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत!

बाहेर जयजयकार, घरात तंगी. कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, खिसा रिकामाच. ही फट माणसाला आतून पोखरते. त्यात एकटेपणा आला. दारू सुरुवातीला भीती आणि ताण सैल करते, म्हणून दुःखी माणसाला ती औषध वाटते. उतरली की तीच बेचैनी वाढून परत येते, मग पुन्हा बाटली. जगाचे दुःख लिहिणारा माणूसही या चक्रातून सुटला नाही.

आमच्या जिल्ह्यात उचल घेऊन कोयत्यावर जाणारा गडी, पोलाद कारखान्यात भट्टीपुढे भाजणारा कामगार यांचे तरी काय वेगळे? अंग मोडलेले, मुकादमाची शिवी खाल्लेली. संध्याकाळी सगळी टोळी पिते. न पिणारा एकटा पडतो, म्हणून तोही पितो. बापाला पिताना पाहिलेल्या पोराला तर थकव्यावर दुसरा इलाज असतो हेच माहीत नसते. अशाला नुसता उपदेश काय करणार? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली ती एकेकट्याला गाठून नव्हे, लाखोंना एकत्र उभे करून. एकट्याचा निर्धार टोळीत टिकत नाही, हे त्या महामानवाला पुरते ठाऊक होते, असे आम्हाला वाटते. अण्णाभाऊंच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्याभोवती अशी किती माणसे उभी होती, हा प्रश्न आम्हाला आजही छळतो.

सरकारी घर मिळाले तेव्हा फार उशीर झाला होता. गोरेगावच्या सिद्धार्थनगरातील त्या घरात १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले. एकोणपन्नासावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला होता.