डॉ. होमी भाभा आणि अणुऊर्जेचे तीन टप्पे

४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईतील ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातील ती पहिलीच अणुभट्टी होती. उभारणी भारतीय शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांची. इंधन मात्र ब्रिटनमधून आले होते. इंधनासाठी देश असा कायम परावलंबी राहू नये, याचा विचार डॉ. होमी जहांगीर भाभा यांनी त्याआधीच मांडला होता.

डॉ. भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील सधन पारशी कुटुंबात झाला. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, या वडिलांच्या इच्छेनुसार ते १९२७ मध्ये केंब्रिजला गेले. तेथे त्यांचे मन भौतिकशास्त्रात रमले. अभियांत्रिकीत प्रथम श्रेणी मिळवल्यास पुढे हवा तो विषय शिकावा, असे वडिलांनी कबूल केले आणि पुत्राने ती अट पुरी केली. १९३९ मध्ये सुटीवर मायदेशी आले असता महायुद्धाला तोंड फुटले व ते येथेच राहिले. मार्च १९४४ मध्ये, म्हणजे हिरोशिमापूर्वी, त्यांनी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था मागितली. अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल तेव्हा लागणारे तज्ज्ञ देशातच तयार असावेत, हा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली.

अणुवीज केंद्रातही पाण्याची वाफ करून टर्बाइन फिरवतात. फरक उष्णतेच्या उगमाचा. युरेनियम-२३५ च्या केंद्रकावर न्यूट्रॉन आदळला की ते दुभंगते, उष्णता निर्माण होते आणि दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. ते इतर केंद्रके फोडतात व साखळी सुरू राहते. जड पाण्यासारख्या मंदकाने न्यूट्रॉनचा वेग कमी केल्यास विखंडन सुलभ होते. नियंत्रक कांड्या जादा न्यूट्रॉन शोषून साखळीला आवर घालतात.

अडचण अशी, की नैसर्गिक युरेनियममध्ये या २३५ चे प्रमाण जेमतेम ०.७ टक्के असते, आणि भारतात युरेनियमचा साठाच बेताचा. केरळ, तमिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम मात्र विपुल आहे. पण थोरियम थेट जळत नाही. न्यूट्रॉन शोषून त्याचे युरेनियम-२३३ झाले तरच ते इंधन ठरते. म्हणून डॉ. भाभा यांनी १९५४ मध्ये तीन टप्पे मांडले. प्रथम नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्याच्या भट्ट्यांतून वीज व प्लुटोनियम मिळवायचे. ते प्लुटोनियम द्रुत प्रजनक भट्ट्यांत वापरून, जळते त्याहून अधिक इंधन तयार करायचे. अखेरीस थोरियम.

दूरदृष्टी म्हणून या योजनेचा गौरव होतो, तो रास्तच. परंतु त्यांचे सर्वच अंदाज खरे ठरले नाहीत. १९५५ च्या जिनिव्हा परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी अणुसंमीलनाची ऊर्जा दोन दशकांत आटोक्यात येईल असे भाकीत केले होते. थोरियमचा टप्पाही अद्याप यायचा आहे. दुसऱ्या टप्प्यातील कल्पाक्कमच्या ५०० मेगावॅटच्या भट्टीचा गाभा भरण्यास मार्च २०२४ मध्ये प्रारंभ झाला.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नातील बैठकीसाठी निघालेल्या डॉ. भाभा यांचे एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. डॉ. भाभा ५६ वर्षांचे होते. त्यांच्याच काळात करार झालेले देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये तारापूर येथे सुरू झाले, तेव्हा त्याच्या दोन्ही भट्ट्या अमेरिकी होत्या आणि त्यांतील समृद्ध युरेनियमही अमेरिकेतून आले होते.