डेव्हिड ससून आणि आपला माळवा

पुण्यात आप्तस्वकीय नाहीत असे कुटुंब आपल्या उज्जैनच्या मराठी समाजात विरळाच. त्यामुळे ससून हे नाव आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. अपघात झाला, विषबाधा झाली, की ससूनला नेले असा निरोप येतो. हे एका माणसाचे नाव आहे, हेही बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. आम्हालाही बरीच वर्षे ते गल्लीच्या किंवा पेठेच्या नावासारखे वाटत असे. स्मरणिकेत आपण संतांची, वीरांची, लेखकांची चरित्रे वाचतो. यंदा एका व्यापाऱ्याचे चरित्र देत आहोत, कारण त्याच्या कहाणीतला एक धागा थेट आपल्या क्षिप्राकाठच्या काळ्या मातीत येऊन पोचतो.

डेव्हिड ससून यांचा जन्म 1792 साली बगदादच्या ज्यू घराण्यात झाला. वडील शेख सालेह हे तिथल्या पाशाचे खजिनदार आणि ज्यू समाजाचे प्रमुख होते. पेशवाईतल्या एखाद्या पोतनिसासारखा मान आणि तितकीच धोक्याची जागा! दाऊद पाशाच्या कारकिर्दीत धनिक ज्यूंकडून पैसा उकळणे सुरू झाले आणि डेव्हिड यांना कैद झाली. वडिलांनी पैसे भरून त्यांना सोडवले आणि ते रातोरात इराणच्या बुशहर बंदरात निघून गेले. अंगरख्याच्या अस्तरात मोती शिवून नेल्याची आख्यायिका सांगतात. खरे-खोटे कसेही असो, चाळिशीच्या उंबरठ्यावरचा हा गृहस्थ घरदार गमावून नव्याने उभा राहू पाहत होता. पाठोपाठ आलेले वडील बुशहरलाच वारले. 1832 साली डेव्हिड कुटुंबासह मुंबईत आले.

मुंबईत ज्यू नवे नव्हते. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी बोलणारे शनिवार तेली, तिथे आधीपासून होते. ससून मात्र वेगळे. घरात अरबी, डोक्याला पागोटे, अंगात बगदादी झगा. इंग्रजी त्यांना शेवटपर्यंत नीट आली नाही. 1853 साली ते ब्रिटिश प्रजाजन झाले तेव्हा सहीदेखील हिब्रू अक्षरांत केली. पेढीचा पत्रव्यवहार आणि हिशेब अरबी भाषेत पण हिब्रू लिपीत चालत. आपल्या जुन्या पेढ्यांच्या मोडीतल्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातली सोय सांगायला नको. पत्र कोणाच्याही हाती पडले तरी बाहेरच्याला उलगडत नसे. शनिवारी पेढी बंद. प्रत्येक व्यवहारातला थोडा हिस्सा दानासाठी वेगळा काढला जाई, जसा आपल्या सराफ्यात धर्मादाय निघत असे.

त्यांना आठ मुलगे. दुसरे चिरंजीव इलायस 1844 साली चीनला गेले. नंतर इतर भावांच्याही पाळ्या लागल्या आणि कँटन, शांघाय, हाँगकाँग इथे घरचीच माणसे बसली. याआधी फ्रँकफर्टच्या ज्यू गल्लीतल्या मायर रॉथशील्ड यांच्या पाच मुलांनी फ्रँकफर्ट, व्हिएन्ना, लंडन, नेपल्स आणि पॅरिस अशी शहरे वाटून घेतली होती. रीत तीच. परक्या मुलखात विश्वास ठेवायला रक्ताचे नातेच उरते, तिथे कुटुंब हीच पेढी होते. जर्मन गावांतली अशी ज्यू घराण्यांची दुकाने आणि कारखाने पुढे हिटलरच्या राजवटीत बळकावले गेले. मुंबईत आलेल्यांवर तशी वेळ कधी आली नाही, हे आपल्या देशाबद्दल अभिमानाने सांगता येते.

पण चीनला जाई काय? कापूस, सूत आणि अफू. आणि मुंबईहून निघणारी अफू होती माळव्याची.

उज्जैन ही त्या अफूच्या मोठ्या बाजारांपैकी एक. माघ-फाल्गुनात खसखशीच्या बोंडांना संध्याकाळी चिरा द्यायच्या आणि पहाटे साकळलेला चीक खरवडून घ्यायचा. व्यापारी तो जवसाच्या तेलात ठेवत, मग त्याच्या वड्या करून खसखशीच्या वाळक्या पानांच्या भुग्यात पेटीत भरत. पेटीत सुमारे 60 किलो माल. आधी बराच माल इंग्रजांना चुकवून दमणच्या बंदरातून जाई. 1830च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि कर भरून परवाना घेतल्यास मुंबईतून माल जाऊ द्यायचे ठरवले. सिंध प्रांत इंग्रजांनी घेतल्यावर चोरवाट बुजली आणि कर चढत गेला. 1861-62 पर्यंत तो पेटीमागे 600 रुपये झाला. रेल्वे येण्याआधी बैलगाड्या महू, सेंधवा, धुळे, नाशिक अशा उतरत. शिंदे-होळकरांबरोबर आपले पूर्वज ज्या बाजूने वर आले, त्याच बाजूने ही अफू खाली जात होती.

या व्यापारात ससून पहिले नव्हेत. जमशेटजी जीजीभाई आणि अनेक पारशी, मारवाडी, गुजराती सावकार आधीपासून होते. चीनच्या बादशहाने अफूला बंदी केली म्हणून इंग्रजांनी दोनदा युद्ध केले. ससूनांनी त्या युद्धांनी उघडलेल्या बंदरांचा पुरेपूर फायदा घेतला. पुढे ही पेढी माळव्यातल्या व्यापाऱ्यांना आगाऊ रकमा देऊन माल बांधून घेऊ लागली आणि जुन्या पेढ्या मागे पडल्या. चीनमध्ये व्यसनापायी किती घरे बुडाली, याचा हिशेब त्या हिब्रू अक्षरांतल्या वह्यांत नव्हता. आपल्या सराफ्यातल्या वह्यांतही नव्हता. दोष एकट्या ससूनांच्या माथी मारणे आम्हाला सोयीचे वाटत असले, तरी खरे वाटत नाही.

मिळवलेला पैसा त्यांनी सढळ हाताने वाटला. चुकलेल्या मुलांसाठी मुंबईत सुधारगृह, भायखळ्याला प्रार्थनामंदिर, गरीब ज्यू मुलांची शाळा. काळा घोड्याजवळच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या इमारतीलाही त्यांच्या देणगीचा आधार आहे. पुण्याच्या इस्पितळासाठी मोठी रक्कम दिली. जात-धर्म न पाहता सर्वांना औषधोपचार मिळावा, हा त्यामागचा हेतू. नोव्हेंबर 1864 मध्ये पुण्याच्या आपल्या बंगल्यात ते वारले. इस्पितळ सुरू झाले 1867 साली. ते त्यांना पाहायला मिळाले नाही.

दानाचा पैसा कुठून आला हे आम्हीही विचारत नाही. वर्गणीची पावती फाडताना फक्त आकडा आणि नाव लिहितो! ससूनांबद्दल वाचताना मात्र तो प्रश्न टाळता आला नाही, कारण त्या पैशाचा काही भाग आपल्याच गावच्या शेतांतून गेला होता.

पुढची हकिगत थोडक्यात. थोरले अब्दुल्ला, म्हणजे सर अल्बर्ट, पेढीचे प्रमुख झाले. कुलाब्याचा ससून डॉक त्यांचा. इलायस यांनी 1867 साली वेगळी पेढी काढली. पुढच्या पिढ्या इंग्लंडात स्थायिक झाल्या, पागोटी गेली, आणि एक पणतू सिगफ्रीड इंग्रजीतला नामवंत युद्धकवी झाला.

पुण्याच्या कॅम्पात लाल विटांचे, उंच मनोऱ्याचे प्रार्थनामंदिर आहे. लोक त्याला लाल देऊळ म्हणतात. डेव्हिड यांनीच ते बांधायला घेतले आणि त्याच्या आवारात त्यांची समाधी आहे. इस्पितळापासून रिक्षाने गेले तर फार वेळ लागत नाही.

आपल्याकडचा अफूचा बाजार कधीच उठला. चीनला होणारी निर्यात 1913 साली थांबली. मंदसौर-नीमचकडे मात्र सरकारी परवान्यावर आजही खसखस पेरली जाते. फाल्गुनात बोंडांना चिरा पडतात, चीक सरकारी काट्यावर तोलला जातो आणि नीमचच्या कारखान्यात पोचतो. तिथे निघालेले मॉर्फिन असह्य वेदनांनी तळमळणाऱ्या रुग्णांच्या औषधांत जाते.