दादासाहेब मावळंकर : लोकसभेचे पहिले अध्यक्ष

नव्या राज्याची घटना कागदावर उतरली, एवढ्याने राज्यकारभार सुरळीत चालू लागतो असे नाही. घटनेच्या कलमांत कितीही बारकाईने लिहिले, तरी पुष्कळ गोष्टी अलिखित राहतातच. त्यांचा निर्णय अधिकारपदावर प्रथम बसणाऱ्या पुरुषास करावा लागतो, आणि त्याने जे केले त्याचाच पुढे पायंडा पडतो. अमेरिकेत १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन हे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा त्यांना काय म्हणून संबोधावे येथपासून वाद होता. भारदस्त पदव्या सुचविण्यात आल्या. अखेरीस साधे अध्यक्ष हेच नाव कायम झाले. दोन मुदती संपताच १७९७ साली ते आपण होऊन निवृत्त झाले. तसे करण्यास कोणताही कायदा त्यांना भाग पाडीत नव्हता. तथापि पुढील सुमारे दीडशे वर्षे त्यांच्या वारसांनी तोच कित्ता गिरविला.

आपल्या देशातही अशी पहिली पावले टाकण्याचा प्रसंग अनेकांवर आला. त्यांपैकी एका मराठी गृहस्थाचे चरित्र येथे सांगावयाचे आहे. ते गृहस्थ म्हणजे स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव उर्फ दादासाहेब मावळंकर.

मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे. गणेशाचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोदे येथे झाला. प्राथमिक शिक्षण राजापूर व मुंबई इलाख्यातील इतर गावी झाले. पुढील शिक्षणासाठी १९०२ साली ते अहमदाबादेस आले आणि तेच शहर त्यांची कर्मभूमी ठरले. १९०८ साली गुजरात कॉलेजातून ते बी. ए. झाले. १९१२ साली मुंबईस कायद्याची परीक्षा त्यांनी प्रथम वर्गात उत्तीर्ण केली आणि दुसऱ्याच वर्षी अहमदाबादेत वकिलीस प्रारंभ केला. मराठी घरात वाढलेला हा तरुण गुजराती समाजात दुधात साखर विरघळावी तसा मिसळून गेला.

वकिली उत्तम चालत असता मनुष्याचे मन सहसा लोकसेवेकडे वळत नाही. मावळंकरांचे मात्र प्रारंभापासूनच तिकडे वळले. वल्लभभाई पटेल व महात्मा गांधी यांच्या सहवासात ते आले, आणि १९१८ च्या खेडा सत्याग्रहात व पुढे असहकाराच्या चळवळीत त्यांनी भाग घेतला. अहमदाबाद नगरपालिकेचे सभासदत्व व नंतर अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. स्वातंत्र्याच्या लढ्यात त्यांना अनेक वेळा कारावास घडला. तुरुंगातील काळ त्यांनी व्यर्थ दवडला नाही. गुन्हेगार म्हणून शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांशी बोलून त्यांनी त्यांची मने जाणून घेतली, आणि त्या अनुभवांवर गुजराती भाषेत एक पुस्तकही लिहिले. ज्यास समाजाने टाकून दिले त्याचेही म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे, हा गुण त्यांच्या अंगी असा बाणला होता. सभागृहात अध्यक्षाच्या आसनावर बसणाऱ्यास याहून उपयुक्त शिक्षण कोणते मिळणार?

१९३७ साली मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्यानंतर २४ जानेवारी १९४६ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात अध्यक्षाची निवडणूक झाली. त्या वेळी राज्य इंग्रजांचेच होते. सरकारचा पाठिंबा सर कावसजी जहांगीर यांना होता. मावळंकरांना ६६ व प्रतिपक्षास ६३ मते पडली. अवघ्या तीन मतांनी आलेला अध्यक्ष अर्ध्या सभागृहास परका वाटावा. परंतु मावळंकरांनी अल्पावधीतच दोन्ही बाजूंचा विश्वास संपादन केला.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी ते जुने विधिमंडळ संपले. घटना लिहिण्याचे व रोजचे कायदे करण्याचे अशी दोन्ही कामे एकट्या घटना समितीवर येऊन पडली. एकाच सभेने ही दोन कामे कशी चालवावीत, हा पेच होता. तो सोडविण्यासाठी नेमलेल्या समितीचे प्रमुखपद मावळंकरांकडेच आले. दोन्ही कामे वेगळी ठेवावीत, असा मार्ग निघाला. आणि घटना समिती कायदे करण्यास बसे तेव्हा अध्यक्षस्थानी असावे म्हणून १७ नोव्हेंबर १९४७ रोजी त्यांची निवड झाली.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये पार पडली. विद्यार्थिमित्रहो, आपल्या भागाच्या दृष्टीने हिचे महत्त्व विशेष आहे. आपला नांदेड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. सप्टेंबर १९४८ पर्यंत येथे निजामाची सत्ता होती. ती जाऊन पुरती चार वर्षेही लोटली नव्हती, तोच येथील शेतकरी, मजूर, स्त्री आणि पुरुष यांनी समान हक्काने मत देऊन आपले प्रतिनिधी दिल्लीस धाडले. त्या प्रतिनिधींना बोलावयास मिळणार की केवळ हात वर करण्यापुरते त्यांचे काम उरणार, हे बरेचसे अध्यक्षाच्या वर्तनावर अवलंबून होते.

१५ मे १९५२ रोजी लोकसभेने आपला अध्यक्ष निवडला. मावळंकरांच्या विरुद्ध शेतकरी कामगार पक्षाचे शंकर शांताराम मोरे उभे होते. उभय उमेदवार मराठी, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. मावळंकरांना ३९४ व मोऱ्यांना ५५ मते मिळाली.

आता खरी कसोटी लागली. इंग्लंडात अध्यक्ष निवडला गेला म्हणजे तो आपल्या पक्षाशी संबंध तोडतो. येथे तशी परंपरा नव्हती. मावळंकरांनी काँग्रेसचे सभासदत्व सोडले नाही. परंतु पक्षाच्या वादविवादापासून अलिप्त राहावयाचे व सभागृहात सर्वांस सारखे लेखावयाचे, असे धोरण त्यांनी ठेविले. हे मधले मार्गक्रमण सोपे नव्हते, आणि ते पुरेसे आहे की नाही याविषयी मतभेद पुढेही होत राहिले.

काँग्रेसचे ३६४ सभासद निवडून आले होते, तर विरोधकांत सर्वांत मोठ्या कम्युनिस्ट पक्षाचे केवळ १६. विरोधी पक्ष म्हणून अधिकृत मान्यता कोणास द्यावी? सभेच्या गणसंख्येइतके, म्हणजे एकदशांश सभासद असतील त्याच पक्षास ती द्यावी, असा दंडक मावळंकरांनी घातला. त्यामुळे अधिकृत विरोधी पक्षनेता लोकसभेस १९६९ पर्यंत लाभला नाही. तहकुबीच्या सूचनांबाबतही ते कडक होते. परकीय राजवटीत सरकारला जाब विचारण्यास हे शस्त्र वारंवार उपसावे लागे. लोकांस जबाबदार असे मंत्रिमंडळ आल्यावर ते अपवादात्मक प्रसंगीच वापरावे, असे त्यांचे मत होते. विरोधकांना हे दोन्ही निर्णय जाचक वाटले, यात नवल नाही.

परंतु सरकारलाही त्यांनी मोकळे रान दिले नाही. संसदेची बैठक नसता वटहुकूम काढून कायदा करण्याचा मोह प्रत्येक सरकारला होतो. तातडीची निकड असल्याखेरीज हा मार्ग अवलंबू नये, अशी पत्रे त्यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांना लिहिली; एकदा १९५० साली व पुन्हा १९५४ साली. सरकारी खर्चाची छाननी करणारी अंदाज समिती १९५० साली स्थापन झाली. मंत्री सभागृहात आश्वासने देतात व मागाहून विसरतात. त्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती १९५३ साली अस्तित्वात आली. ह्या दोन्ही समित्या आजही काम करीत आहेत.

१८ डिसेंबर १९५४ हा दिवस त्यांच्या आयुष्यातील कठीण दिवस म्हटला पाहिजे. ते पक्षपाती आहेत व त्यांचे निर्णय सभासदांच्या हक्कांस बाधक आहेत, असा आरोप ठेवून त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव सभागृहात आला. लोकसभेच्या अध्यक्षाविरुद्धचा हा पहिलाच ठराव होय. घटनेप्रमाणे अशा ठरावाच्या वेळी अध्यक्षाने आसनावर बसावयाचे नसते. ज्यांनी इतरांस नियम शिकविले, त्यांनाच आता नियमापुढे मान तुकवावी लागली. चर्चा झाली आणि ठराव फेटाळला गेला. ठराव फेटाळला गेला याहून तो मांडता आला, त्यावर मोकळेपणी बोलता आले आणि ज्याच्याविरुद्ध तो होता त्याने ही वाट अडविली नाही, हेच अधिक मोलाचे आहे. त्या दिवशी त्यांच्या हातून आणखी एक पायंडा पडला : सभेचा मुख्यही सभेच्या विचारणेस पात्र आहे.

अध्यक्षपदावर असतानाच २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबाद येथे दादासाहेबांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय ६७ वर्षांचे होते. त्यांच्या रिक्त जागी त्यांच्या पत्नी सुशीलाबाई लोकसभेवर बिनविरोध निवडून आल्या.

मावळंकरांचे सर्व निर्णय बिनचूक होते, असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांचे काही पायंडे पुढे दृढ झाले, काहींवर आजही वाद आहे, आणि वटहुकुमांविषयीची त्यांची सूचना तर पुढील अनेक सरकारांनी मनावर घेतली नाही. तरीही त्यांच्या चरित्रातून एक गोष्ट निश्चित शिकण्याजोगी आहे. शाळेच्या वक्तृत्वमंडळात, गावच्या ग्रामसभेत किंवा एखाद्या लहानशा सहकारी संस्थेत अध्यक्षाच्या खुर्चीवर बसण्याचा प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांवर येईल. त्या वेळी आपल्या मताच्या माणसास बोलू देणे कोणासही साधते. ज्याचे बोलणे आपणास टोचते, त्याची पाळी आली असता त्याचे नाव पुकारणे, यातच अध्यक्षाची परीक्षा आहे.