गाडगेबाबांची पहिली सफाई घरातली होती. बारशाच्या पंगतीतून त्यांनी दारू हद्दपार केली

अमरावती : हातात खराटा, डोक्यावर गाडग्याचं खापर, अंगात चिंध्यांचा सदरा. गाडगेबाबा म्हटलं की हेच रूप डोळ्यांपुढे येतं. पण बाबांची पहिली सफाई रस्त्यावरची नव्हती. ती स्वतःच्या घरातली होती, आणि ती खराट्याने होण्यासारखीही नव्हती.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात, परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या नादी लागले. पैसा गेला, तब्येत गेली, शेवटी जीवही गेला. डेबूजी तेव्हा अगदी लहान होते. आई सखुबाईंनी पोराला घेऊन माहेर गाठलं, मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे. मामाच्या घरी गुरं राखत, शेतात राबत ते मोठे झाले.

त्या काळी बारसं असो की लग्न, भाऊबंदांना दारू आणि मटणाचं जेवण द्यावंच लागायचं. पैसा नसला तर कर्ज काढायचं, पण पंगत उठवायची. डेबूजींना मुलगी झाली, तेव्हा बारशाला त्यांनी ही रीत मोडली. पानात गोडधोड वाढलं, दारूचा थेंब येऊ दिला नाही. जातभाईंना ते रुचलं नाही. पण ज्या दारूनं बाप नेला, ती लेकीच्या पाळण्यापाशी आणायची नाही, यावर ते ठाम राहिले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडलं. गावात शिरले की आधी खराटा घ्यायचा. गल्ल्या झाडायच्या, नाल्या मोकळ्या करायच्या, आणि रात्री कीर्तन. फुकट जेवण नको, आधी काम. उकिरड्यावरची माशी उडून भाकरीवर बसते, घाण पाणी विहिरीत झिरपतं आणि तेच घागरीतून चुलीपाशी येतं. म्हणजे गल्लीतली घाण घरातच येते. ज्या काळात पटकी आली की घरंच्या घरं रिकामी व्हायची, त्या काळात ही सफाई म्हणजे औषधाच्या आधीचं औषध होतं.

कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारत आणि उत्तरही त्यांच्याच तोंडून काढून घेत. दारू सोडा, कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बोकड कापू नका, शिवाशिव पाळू नका, पोरांना शाळेत घाला. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हा घरचा जमाखर्च लगेच कळायचा.

लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथं धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांची सोय झाली. स्वतःच्या बायकापोरांना मात्र बाबांनी त्यातलं काही घेऊ दिलं नाही. त्याची झळ त्या कुटुंबानं सोसली, हेही विसरता येत नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी बाबांचं निधन झालं. पुढे महाराष्ट्र सरकारनं त्यांच्या नावानं ग्राम स्वच्छता अभियान सुरू केलं.

आज घरं बदलली, विषं बदलली. भोपाळच्या सोनागिरीतला फ्लॅट असो की बैतूल, बऱ्हाणपूरचं जुनं घर. बंद खोलीत रात्रभर डासांची कॉइल धुमसते, पाण्याच्या जुन्या बाटलीत ॲसिड किंवा फवारणीचं औषध भरून ठेवलेलं असतं, कूलरमध्ये आठ-आठ दिवस पाणी साचतं. १९८४ साली भोपाळमध्ये विष कारखान्यातून आलं, त्यापुढे घरातला माणूस हतबल होता. ही विषं मात्र आपणच विकत आणतो आणि आपणच ठेवतो. ती काढायला सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही. कॉइल विझवून मच्छरदाणी लावता येते, औषधाची बाटली लेबलसकट कुलपात ठेवता येते, कूलर आठवड्याला रिकामा करून घासता येतो.

आणि घरात दारू येत असेल, तर सुरुवात कुठून करायची हे डेबूजींनी लेकीच्या बारशालाच दाखवून दिलं आहे.