मिरजेचे डॉक्टर : सर विल्यम वॉन्लेस

ज्युबिलीच्या या आनंदाच्या दिवसांत परमेश्वराने आजवर आम्हांवर केलेल्या उपकारांचे स्मरण करणे हे आम्ही आमचे पहिले कर्तव्य समजतो. परंतु परमेश्वराचे उपकार मनुष्यापर्यंत बहुधा मनुष्याच्याच हातून पोहोचत असतात. म्हणून ज्या हातांनी या प्रांतातील दुःखितांची सेवा केली, त्यांचेही स्मरण या पुस्तिकेत व्हावे हे योग्यच होय. सातारा-सांगलीच्या मुलखात अशा सेवकांची गणना करू लागलो असता मिरजेचे डॉक्टर सर विल्यम जेम्स वॉन्लेस यांचे नाव अग्रभागी येते. ते आमच्या कॅथलिक मंडळीचे नव्हते. प्रेस्बिटेरियन पंथाचे होते. तथापि वाटेवर जखमी होऊन पडलेल्या मनुष्याला उचलणारा शोमरोनी कोणत्या पंथाचा होता, हे प्रभूच्या दाखल्यातून आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे या परपंथीय सज्जनाचे चरित्र येथे सांगण्यास आम्हांस मुळीच संकोच वाटत नाही.

विल्यम वॉन्लेस यांचा जन्म १ मे १८६५ रोजी कॅनडा देशातील ऑन्टेरिओ प्रांतात चार्ल्स्टन या गावी झाला. वैद्यकविद्या शिकून ती परदेशातील गोरगरिबांच्या कामी लावावी, असा निश्चय त्यांनी तरुणपणीच केला. न्यूयॉर्क येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते १८८९ साली पदवीधर झाले आणि त्याच वर्षी पत्नी मेरी यांच्यासह हिंदुस्थानात आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २४ वर्षांचे होते. न्यूयॉर्कसारख्या शहरात व्यवसाय थाटून द्रव्य व कीर्ती मिळविण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. तो सोडून त्यांनी कृष्णाकाठचा हा अपरिचित मुलूख पत्करला.

त्या काळचा हा मुलूख कसा होता, हे तरुण वाचकांस सांगणे अवश्य आहे. सातारा इंग्रजांच्या अमलाखाली होता. सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. आज जो सांगली जिल्हा म्हणून ओळखला जातो, तो संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने अस्तित्वात आला व १९६० साली त्याचे नाव सांगली असे झाले. गावोगावी वैद्य व हकीम होते, त्यांतील कित्येक आपल्या विद्येत निपुणही होते. पण शस्त्रक्रियेची सोय जवळपास नव्हती. मोतीबिंदू झालेला म्हातारा आयुष्याचे उरलेले दिवस नातवाच्या हाताला धरून काढी. अडलेली बाळंतीण दोन-तीन दिवस तळमळून प्राण सोडी. रक्तपिती, म्हणजेच कुष्ठरोग, झालेल्या मनुष्याला घरच्यांनीच वेशीबाहेर घालवावे, ही तर रूढीच होती. ही दुःखे दैवाने आली व दैवानेच जावयाची, अशी लोकांची समजूत होऊन बसली होती.

डॉक्टरांनी प्रथम सांगलीस लहानसा दवाखाना घातला. पुढे थोड्याच वर्षांत त्यांनी आपले ठाणे सुमारे १० किलोमीटरांवरील मिरजेस हलविले. तंबोऱ्या-सतारींसाठी व मीरासाहेबांच्या दर्ग्यासाठी प्रसिद्ध असलेले हे शहर रुग्णालयास फार सोयीचे होते. कारण पुण्याहून दक्षिणेकडे जाणारी आगगाडी मिरजेवरून जात असे आणि कोल्हापूरचा फाटाही तेथेच फुटे. रुग्णालय उत्तम असून काय उपयोग, जर रोग्याला तेथवर पोहोचताच येत नसेल! मिरजेचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पटवर्धन यांनी उदार मनाने जागा दिली. फिलाडेल्फियाचे आगगाडीची इंजिने बनविणारे कारखानदार जॉन कॉन्व्हर्स यांनी द्रव्य दिले. आणि १८९४ साली मिरज येथे मिशन रुग्णालय सुरू झाले. हिंदू संस्थानिकाची भूमी, अमेरिकन व्यापाऱ्याचा पैसा व कॅनडात जन्मलेल्या डॉक्टरचे हात, असा हा त्रिवेणी संगम होता.

डॉक्टर वॉन्लेस यांची कीर्ती प्रथम झाली ती शस्त्रवैद्य म्हणून. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते व प्रकाश आत शिरत नाही. ते भिंग काढून टाकले व पुढे जाड काचेचा चष्मा दिला, म्हणजे मनुष्याला पुन्हा दिसू लागते. आज ही गोष्ट कोणासही नवलाची वाटत नाही. परंतु आंधळा म्हणून बैलगाडीत घालून आणलेला बाप काही दिवसांनी आपल्या पायांनी चालत घरी परतलेला पाहून गावकऱ्यांस केवढे आश्चर्य वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी! एक मनुष्य बरा होऊन गेला की त्याच्या मागोमाग त्याच गावचे चार रोगी येत. आगगाडीने, बैलगाडीने, खांद्यावरच्या डोलीतून रोगी येऊ लागले. वर्तमानपत्रांतील जाहिरातींहून ही बऱ्या झालेल्या रोग्यांची साक्ष अधिक दूरवर पोहोचली.

याच सुमारास या प्रांतावर दोन मोठी अरिष्टे कोसळली. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग लवकरच पुणे, सातारा व दक्षिणेकडील संस्थानांत पसरला. आणि १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ पाठोपाठ आले. लोक घरे सोडून रानात झोपड्या घालून राहू लागले. उंदीर मरून पडू लागले की गाव रिकामे करावयाचे, एवढेच बहुतेकांना ठाऊक होते. डॉक्टर हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस तयार केली, तरी ती टोचून घेण्यास लोक भीत असत. अशा दिवसांत एक गोष्ट स्पष्ट झाली. एकट्या डॉक्टरने रात्रंदिवस कष्ट केले, तरी एवढ्या विस्तीर्ण मुलखास तो पुरा पडणार कसा?

या प्रश्नाचे जे उत्तर डॉक्टर वॉन्लेस यांनी दिले, तेच आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे कार्य होय. १८९७ साली त्यांनी मिरजेस वैद्यकशाळा सुरू केली व या देशातील तरुणांस आपली विद्या देण्यास आरंभ केला. अमेरिकेहून आणखी डॉक्टर मागविणे कदाचित सोपे झाले असते. परंतु येथील लोकांची भाषा जाणणारा, त्यांच्या घरात मोकळेपणाने बसणारा, त्यांच्या संकोचाचे व भीतीचे कारण न सांगता ओळखणारा वैद्य येथलाच हवा, हे त्यांनी जाणले. रोग्याच्या खाटेशी उभे राहून पाहावयाचे, जखम धुवावयाची, औषध मोजावयाचे, मग शस्त्रक्रियेस हात लावावयाचा, अशा क्रमाने विद्यार्थी तयार होत. येथे शिकलेले डॉक्टर दूरदूरच्या मिशन दवाखान्यांत कामास गेले. परिचर्येचे शिक्षणही मिरजेस चालू झाले. ज्याने आपली विद्या शंभर हातांत ठेवली, त्याच्या पश्चात ती विद्या थांबत नाही. आणि परदेशी सेवकाने आपल्यावाचून काम चालेल अशी व्यवस्था करून जावे, याहून त्याच्या सेवेचे दुसरे यश कोणते?

ज्यांना कोणी जवळ करीत नसे, त्यांच्याकडेही त्यांचे लक्ष होते. मिरजेस कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभारण्यात व कोल्हापूरच्या अनाथगृहाच्या कामात त्यांचा हात होता. १९२० साली सांगली व मिरज यांच्या मधल्या माळावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम स्थापन झाले. डॉक्टर कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ सालीच शोधून काढला होता, पण त्यास मारणारे औषध कोणाजवळही नव्हते. स्ट्रेप्टोमायसीनचा शोध १९४३ साली लागला. तोवर स्वच्छ हवा, विश्रांती व पौष्टिक अन्न एवढाच उपचार होता. म्हणून असे आरोग्यधाम दाट वस्तीपासून दूर बांधीत, जेणेकरून रोग्यास मोकळी हवा मिळे व त्याच्या घरच्या मंडळींचाही बचाव होई. त्या माळावर पुढे वस्ती वाढली व तिला वॉन्लेसवाडी हे नाव पडले. लोकांच्या तोंडी ते वानलेसवाडी झाले. परक्या मनुष्याचे नाव असे मराठी होऊन जावे, यात त्याला मिळालेले प्रेम दिसून येते.

सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले व १९२८ साली सर ही पदवी दिली. ३९ वर्षांच्या अविश्रांत सेवेनंतर त्याच वर्षी ते निवृत्त होऊन अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी या देशातील आपल्या कामाविषयी ग्रंथ लिहिला व तो १९३२ साली प्रसिद्ध झाला. ३ मार्च १९३३ रोजी कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथे, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

त्यांनी पेरलेले बीज मात्र येथेच रुजले. वाईसही अमेरिकन मराठी मिशनचे रुग्णालय उभे राहून सातारकरांची सोय झाली. १९६२ साली मिरजेस वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. डॉक्टरांचे गाव म्हणून मिरजेची जी ख्याती महाराष्ट्र व कर्नाटकात पसरली, तिचे मूळ १८९४ सालच्या त्या रुग्णालयात आहे.

आमच्या कॅथलिक मंडळीच्या इतिहासातील एक गोष्टही येथे नमूद करणे उचित होईल. व्रतस्थ भगिनींनी वैद्यक व प्रसूतीचे काम करू नये, असा निर्बंध पूर्वी होता. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नाहीत व उपचारावाचून मरतात, हे रावळपिंडीस पाहिलेल्या ऑस्ट्रियन डॉक्टर ॲना डेंगेल यांनी १९२५ साली वैद्यकीय सेवेसाठी भगिनींचा संघ स्थापन केला. आणि १९३६ साली रोमच्या आज्ञेने तो निर्बंध दूर झाला. तेव्हापासून आमच्या भगिनी या सेवेत मोकळेपणाने उतरल्या आहेत.

आता प्रश्न आहे तो पुढील पिढीचा. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली. सर्व राष्ट्रांनी एकजुटीने काम करून देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा केला व १९८० साली तसे जाहीर झाले. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. नेहमीचा क्षय साधारण सहा महिन्यांच्या औषधाने जातो व सरकारी दवाखान्यात ते औषध विनामूल्य मिळते. असे असूनही जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आमच्याच देशात आहे. औषध आहे, ते रोग्याच्या दारी नेणारा, सहा महिने त्याची विचारपूस करणारा, रोग लपवू नकोस असे समजावणारा मनुष्य कमी पडतो. परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, गावची आशा सेविका, साथीच्या रोगांचा अभ्यास करणारा आरोग्यशास्त्रज्ञ, या सर्वांस आज काम आहे. आणि जो हे काम आपल्या तालुक्यात नीट शिकला, त्याचा उपयोग जगातील कोणत्याही देशास होईल.

आमच्या कित्येक कन्या परिचर्या शिकून परदेशी जातात व घरास आधार देतात. त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या कष्टांचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु जाण्यापूर्वी वा परतल्यावर काही वर्षे जत, आटपाडी, माण, खटाव यांसारख्या कोरडवाहू तालुक्यांतील रुग्णांस द्यावीत, एवढी आमची विनंती आहे. सातासमुद्रांपलीकडील एका तरुणाने या मुलखास आपल्या आयुष्याची ३९ वर्षे दिली. आमच्या घरांतून दोन-तीन वर्षे देणारे निघतील, अशी आम्ही आशा बाळगतो, आणि त्यांना बळ व आरोग्य लाभो, अशी ज्युबिलीच्या या पवित्र प्रसंगी परमेश्वरचरणी प्रार्थना करतो.