ताऱ्यांचा ताप मोजणारे मेघनाद साहा

बँकेत काउंटरवर असताना एका निवृत्त मास्तरांचा चेक मी परत केला होता. तारीख शके १९०६ ची होती. असा चेक नियमाने चालतो, हे मला साहेबांनी संध्याकाळी सांगितलं. मास्तरांची क्षमा मागायची राहूनच गेली. ते शक वर्षाचं राष्ट्रीय पंचांग सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष कोण, हे शोधायला गेलो तर मेघनाद साहा भेटले. पंचांग हे तर त्यांचं जोडकाम!

जन्म १८९३ चा, ढाक्याजवळच्या शेओरातली खेड्यातला. वडिलांचं किराणा दुकान. पुढची शाळा लांब, म्हणून तिथल्या एका डॉक्टरांनी मुलाला घरी ठेवून घेतलं. १९०५ साली गव्हर्नरांच्या भेटीवर बहिष्कार घातला म्हणून ढाक्याच्या सरकारी शाळेतून नाव काढलं, स्कॉलरशिपही गेली. तरी शिकले. प्रेसिडेन्सी कॉलेजात सत्येंद्रनाथ बोस वर्गात होते.

ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पाहिला की रंगपट्टा दिसतो, त्यात काळ्या रेघा. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या. निळसर ताऱ्यांत हेलियमच्या रेघा, तांबड्यांत धातूंच्या. मग काय, तारे वेगवेगळ्या मालाचे? साहांनी १९२० साली कलकत्त्यात बसून समीकरण मांडलं. उष्णता वाढली की अणूतला इलेक्ट्रॉन सुटतो आणि अणूच्या रेघाच बदलतात. असे किती अणू फुटले, हे तापमान आणि दाबावर ठरतं. म्हणजे रेघा वाचा, तापमान काढा. आमच्याकडे पासबुकावरून पार्टी ओळखतात तसंच! स्वतःची दुर्बीण नव्हती, होतं ते गणित. १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी हार्वर्डच्या फोटोंना हेच समीकरण लावलं आणि तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत, हे दिसून आलं. तोवर ते कुणाच्या मनातही नव्हतं.

पुढे अलाहाबादला प्राध्यापकी, १९२७ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो, १९५२ मध्ये कलकत्त्यातून खासदार. १६ फेब्रुवारी १९५६ ला दिल्लीत नियोजन आयोगाच्या कचेरीकडे जाताना ते कोसळले ते कायमचेच. पंचांग लागू झालं २२ मार्च १९५७ ला. त्यांनी ते पाहिलं नाही.

जानेवारीत रात्री नऊनंतर आपल्या गच्चीवर या. मृग नक्षत्रातला तांबडा काक्षी सुमारे साडेतीन हजार अंशांचा, निळसर राजन्य बारा हजारांचा. आपला सूर्य साडेपाच हजारांवर. गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते.